भाड्याने देणे आहे

परीक्षा आटोपल्या, शाळांना कुलपं लागली, की यवतमाळात फाटकांवर पाट्या लटकू लागतात. बदल्यांचे दिवस. कुणी तलाठी इथून जातो, कुणी नर्स इथे येते, कुणाची मुलगी क्लाससाठी घाटंजीहून शहरात राहायला येणार असते. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेली, नाहीतर रंगाऱ्याकडून पत्र्यावर काढून घेतलेली तीच अक्षरं: भाड्याने देणे आहे. खाली मोबाइल नंबर. उन्हाने शाई उडते, पुठ्ठा वाकतो, पाटी तारेवर करकरत राहते.

या दिवसांच्या आठवणी लोक किती हौसेने काढतात! स्टाफरूममध्ये मी ऐकत असते. कूलरच्या ओल्या गवताचा वास, माठात टाकलेला मोगरा, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, दुपारी दार लावून खाल्लेलं टरबूज. मलाही हे सगळं आवडायचं. आता स्कूटीवरून जाताना एखादी ताजी पाटी दिसली की आधी तोंडात कडवट पाणी सुटतं. राग नाही तो. राग आला असता तर बरं होतं, रागाचं काहीतरी करता येतं. ही किळस आहे. भातात केस सापडल्यावर येते तशी. केस काढून टाकला तरी पुढचा घास उतरत नाही.

काही वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. आम्ही तेव्हा जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत राहायचो. एका बाजूला तेल्याचं घर, दुसऱ्या बाजूला शिंपी, समोर एका बौद्ध मास्तरांचं कुटुंब, टोकाला मशीद आणि मशिदीच्या भिंतीला लागूनच न्हाव्याचं दुकान. फार प्रेमाने राहायचो असं खोटं सांगणार नाही. नळावर भांडणं व्हायची, कोंबडीवरून व्हायची. पण कुणी कुणाला 'तुम्ही इथे कसे' असं विचारलं नव्हतं. मग घरमालक वारले. मुलांनी जागा विकली, तिथे दुकानांची इमारत येणार होती. मे अखेर घर सोडायचं होतं.

माझा नवरा रियाज एसी-कूलर दुरुस्त करतो. एप्रिल-मे म्हणजे त्याच्या सुगीचे दिवस. सकाळी निघाला की अंधार पडल्यावर घरी, अंगाला गॅसचा आणि गंजाचा वास. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर पांढरकवड्याचं. अब्बांचं हैदराबादच्या हायवेला ट्रकचं गॅरेज होतं. पंजाबी, तेलुगू, बिहारी, कुठकुठले ड्रायव्हर आमच्या अंगणात खाटा टाकून झोपायचे, अम्मीच्या हातची भाकर खायचे. अब्बा त्यांना एकच गोष्ट विचारायचे, "आवाज कहाँसे आ रहा?" म्हणजे गाडीचा. तिथे वाढलेल्या मुलीला घर शोधणं ही काही अवघड गोष्ट वाटायचं कारण नव्हतं. नवरा-बायको दोघं कमावते, भांडणतंटा नाही. शहराच्या कडेला नवी लेआऊट झाली होती, गुलाबी आणि पोपटी रंगाची दुमजली घरं, आणि निम्म्या फाटकांवर पाट्या.

पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. पलीकडे कुणी निवृत्त गृहस्थ होते. मी वरच्या मजल्याची चौकशी केली, कुठे नोकरी करते ते सांगितलं.

"वा वा! मराठीच्या मॅडम! तरीच म्हटलं," ते एकदम खुलले. "इतकं स्वच्छ मराठी आजकाल कानावर पडत नाही हो. आमच्या नातवाचं मराठी ऐकाल तर डोकं धराल. या न, आजच या. आपलं नाव काय म्हणालात?"

"नसरीन शेख."

पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "अच्छा." पुन्हा पंखा. "असं आहे मॅडम, आमच्या भाच्याचं चाललं होतं तिथं राहायला यायचं. मी विसरलोच होतो पाहा."

भाच्याचं चाललं होतं. संध्याकाळी आम्ही मुद्दाम त्या रस्त्याने गेलो, पाटी होती. चार-आठ दिवसांनी गेलो, तरी होतीच. पुढे पुढे त्या भाच्यांचे इतके प्रकार पाहिले की मला तोंडपाठ झाले. कुणाचा मुलगा अचानक परदेशातून परत यायचा, कुणाला घर रंगवायचं असायचं. कुणी फक्त शाकाहारींना देत असे, आणि त्यांच्याच अंगणात कोंबडीच्या रश्श्याचा वास दरवळत असे. एकाने तर फार कळवळून सांगितलं, "तुम्हाला तुमच्या लोकांत बरं पडेल मॅडम. तुमच्या सोयीसाठीच म्हणतो." खोटं बोलणाऱ्याचं मला एवढं वाटत नाही. खोटं बोलताना तो माझ्या भल्याचा आव आणतो, माझ्या सोयीची काळजी करतो, त्या गुळगुळीतपणाने अंगावर गोगलगाय चढल्यासारखं होतं.

एका दुपारी मी एकटीच घर बघायला गेले. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्याच बाया डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर गॉगल चढवून गाडी चालवतात. रस्त्यावरून शंभर बाया गेल्या तर शंभरही तोंड झाकलेल्या असतात, कोण जोशी, कोण मेश्राम, कोण शेख, देवाला कळायचं नाही. त्या घरच्या बाईने मला तशीच आत घेतली. "या या, ऊन कसं तापून राह्यलं नं," म्हणाली. मी दुपट्टा सोडला, तिने पाणी दिलं. स्वयंपाकघर दाखवलं, ओट्याचा दगड किती चांगला आहे ते सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून गच्चीवर नेलं. मला सून नाही, तुम्ही आल्या तर बोलायला कोणी होईल, असं म्हणाली. जिना उतरताना तिने नाव विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा फारसा बदलला नाही, बाई सभ्य होती. फक्त मी पाणी पिऊन ठेवलेला ग्लास तिने टीपॉयवरून दोन बोटांत उचलला, कडेला धरून, मेलेल्या पालीला शेपटीने उचलतात तसा, आणि घरात न नेता बाहेरच्या नळाखाली ठेवला. नळ उघडला. पाणी ग्लासात भरून वाहत होतं आणि ती मला म्हणत होती, "मिस्टरांना विचारून सांगते हं." त्या वर्षी शहराला किती किती दिवसांनी नळ यायचे! आणि माझ्या ओठाला लागलेला ग्लास धुवायला नळ चालू ठेवला होता.

कॉलेजात वंदना माझी जवळची मैत्रीण. ती बौद्ध. हे ऐकून ती हसली, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं. म्हणाली, "तुले निदान सरळ नाव विचारते. मले देवघर दाखवते."

"देवघर?"

"हो नं. 'देवघराची दिशा पाहून घ्या मॅडम, तुमच्या देवाले चालते का.' मी म्हटलं, आमच्या घरी देवघर नाही, पुस्तकायचं कपाट आहे. तेवढ्यानं कळलं त्यायले. पाटी तिथंच राह्यली, मी बाहेर."

वंदनाने शेवटी कर्ज काढून स्वतःचा फ्लॅट घेतला होता. तिथेही खालच्या बाईने विचारलंच होतं, "कोट्यातून लागला का नंबर?" ती फ्लॅटची गोष्ट होती, बाजारात पैसे मोजून घेतलेल्या फ्लॅटची.

रियाजचं दुःख वेगळं होतं. ज्या घरांनी आम्हाला नकार दिला त्यातली कितीतरी घरं त्याला आतून माहीत होती. एकदा जेवताना तो भात चिवडत म्हणाला, "उनके बेडरूम का एसी मैंने लगाया, नसरीन. मेरेको स्टूल पकडके खडे थे वो. चाय पिलाए. आज बोलते, फॅमिलीवाले को ही देते." मशीन बिघडलं की हा माणूस घरात चालतो, बेडरूममध्ये चालतो, पलंगावर पाय देऊन चालतो. राहायला चालत नाही.

निर्मलाकाकू त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. अशाच एका लेआऊटमध्ये राहणाऱ्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा प्रशांत पुण्याला. त्यांचा कूलर रियाज दरवर्षी नीट करून द्यायचा. त्या वर्षी गवत बदलायला गेला तेव्हा काकूंनीच विचारलं, "तू कायले असा वाळून राह्यला रे?" त्याने घराचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग वरचा मजला रिकामाच आहे की माझा. पाटी लावाचा कंटाळा केला म्हणून कोनाले दिसला नाही. बायकोले घेऊन ये."

मी गेले. काकूंनी मला ओटा दाखवला नाही, गच्ची दाखवली नाही. किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, "तूच पाहून ये बाई, माह्ये गुडघे चढत नाहीत." मी वर गेले. रिकाम्या खोल्यांतून गरम हवा कोंडली होती, खिडकीत चिमणीने काड्या आणून टाकल्या होत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीचं रडू यावं, याचीही आता चीड येते. एका बाईने भाड्याने घर दिलं, त्यात उपकार कसला? पण माणसाला इतक्या वेळा हाकललं की सरळ वागणूकही उपकार वाटायला लागते. तेवढं तर त्यांनी माझ्यात करून ठेवलंच.

रविवारी टेम्पोतून सामान आणलं. कपाट, पलंग, माझी पुस्तकं, रियाजची अवजारं. लेआऊटमधल्या बाल्कन्यांत माणसं उभी होती, उन्हाचं कुणी बाल्कनीत उभं राहत नाही तरी. अम्मीने पांढरकवड्याहून पाठवलेली कुराणाची रेहल, म्हणजे ग्रंथ वाचायला ठेवायची घडीची लाकडी घोडी, मी हातात घेऊन जिना चढले, तेव्हा समोरच्या घरातली खिडकी लागल्याचा आवाज आला.

दोन-तीन दिवसांतच मंडळी काकूंकडे आली. लेआऊटचे अध्यक्ष, सगळे त्यांना नाना म्हणत, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. सोबत तीन पुरुष, दोन बाया. रियाजने नीट केलेल्या कूलरसमोर सगळे बसले. मी बादली घेऊन जिन्यात होते, उतरताना आवाज ऐकून थांबले.

"काकू, आमचं काही नाही हो," नाना म्हणाले. "रियाज तर घरचाच माणूस आहे. माझा एसी त्यानंच लावला. पण लोक..."

"कोनते लोक?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे आपले लेआऊटमधले."

"लेआऊटमधले तं तुमीच आहा. सगळे येऊन बसले इथं. आता बाहेर कोन लोक उरले?"

थोडं हसणं झालं. मग एक बाई म्हणाली, "आज तुम्ही भाड्यानं दिलं, उद्या त्यांच्यातला कोणी प्लॉट घेईल, परवा दहा घेतील. भाव पडतात काकू. एरिया बिघडतो."

"आणि पोरीबाळी आहेत आपल्या लेआऊटमध्ये," दुसरी म्हणाली.

जिन्यात मी बादली खाली ठेवली. माझा नवरा. ज्याला मी चौदा वर्षं ओळखते, जो रस्त्यात बायांच्या गाडीला आधी वाट देतो, त्याच्याविषयी हे वाक्य खालच्या दिवाणखान्यात चहाच्या कपांमध्ये पडलं आणि कुणालाही त्यात काही घाण दिसली नाही.

काकूंना दिसली. त्या म्हणाल्या, "त्याच पोरीबाळीच्या खोलीत त्याले स्टूलावर चढून एसी लावाले बोलावता नं? तवा भेव नाही वाटत? चहा घ्या अन् जा घरी."

ते चहा पिऊन गेले.

त्यानंतर आमच्याशी कुणी भांडलं नाही. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. शिकलेल्या माणसांचं लेआऊट होतं. फक्त पाणी गेलं. लेआऊटच्या सामाईक बोअरचं पाणी पाळीपाळीने घरोघर सुटायचं. काकूंच्या घराची पाळी आली की मोटर गरम झालेली असायची, किंवा व्हॉल्व्ह अडकलेला असायचा. मग टँकर यायला लागले. टँकरचा पाइप काकूंच्या फाटकापर्यंत पुरायचा नाही. आमच्या पुढच्या घरी पुरायचा. रियाजने टँकरवाल्याला विचारलं तर तो बिचारा खाली बघून म्हणाला, "मले अध्यक्षसाहेबानं जसं सांगितलं तसं करतो भाऊ." रियाज जुन्या गल्लीतून, शिंप्याच्या हौदातून, गाडीवर कॅन बांधून पाणी आणू लागला. दिवसभर लोकांच्या कूलरमध्ये पाणी खेळतंय का पाहायचं आणि रात्री स्वतःच्या घरी कॅन वाहायचे.

काकूंनी तरी कुरडया करायचं ठरवलं. दरवर्षी त्यांच्या गच्चीवर चार घरच्या बाया जमायच्या, कारण कुरडया एकटीचं काम नाही. गहू भिजवा, आंबवा, वाटा, चीक गाळा, शिजवताना दोघींनी घोटा, मग सोऱ्याने घाला. त्या वर्षी कुणी आलं नाही. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणी माहेरी जाणार होतं. मग आम्ही दोघींनीच केल्या. काकूंचे गुडघे चढत नाहीत म्हणून खाली अंगणातच, पहाटेच्या गार हवेत मी पातेलं धरलं, काकूंनी खुर्चीवर बसून घोटलं. चीक असा चढला, पांढरा, चमकदार, वाफाळलेला, की पाहत राहावं. ताजा चीक दूध-साखर घालून खायला द्यायची रीत आहे, शेजारीपाजारी वाट्या जातात. काकूंनी समोरच्या घरासाठी मोठा वाडगा भरला. स्वतः नेऊन दिला, माझ्या हाती दिला नाही, त्यांना समजत होतं. समोरचीने हसून घेतला.

दुपारी मी कचरा टाकायला खाली गेले. समोरच्या घराच्या नालीत तो पडला होता. घट्ट झालेला, वर साय आल्यासारखा, वाडग्याचा गोल आकार अजून तसाच, आणि त्यावर माश्यांचा काळा थर. साखरेला मुंग्यांची रांग लागली होती. उन्हाने त्याला आंबूस वास सुटला होता. मी उभी राहिले ती हलेच ना. भुकेल्या गाईलाही घातला असता त्यांनी. पण गाईलाही तो बाटवायचा नव्हता बहुतेक. मी वर जाऊन ओकले. काकूंना सांगितलं नाही. संध्याकाळी वाडगा घासूनपुसून परत आला, "छान झाला होता हो चीक," अशा निरोपासकट.

अजून कुणी चीक खायला दिला तर मला आधी ती नाली दिसते.

शेवटी काकू स्वतः टँकरवर गेल्या. रियाज कामावर होता, मी सुट्टीतही निकालाच्या कामाला कॉलेजात गेले होते. गुंड, म्हणजे पाण्याची मोठी कळशी, आणि बादली घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. रांगेतल्या एका माणसाने म्हटलं म्हणे, "काकू, तुम्ही घ्या, तुमच्यापुरतं घ्या. पण वर जाऊ देऊ नका." काकूंनी दोन्ही भांडी भरली आणि त्या चालू लागल्या. कुणी हात लावला नाही. फाटकापर्यंत पोचल्या आणि तुळशीजवळ कोसळल्या. मी तेवढ्यात परत आले होते म्हणून सापडल्या. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले, सांडलेल्या पाण्यात लुगडं भिजलेलं. मी समोरचं दार वाजवलं. त्यांच्या अंगणात गाडी होती. बाई दारातूनच म्हणाली, "चावी मिस्टर घेऊन गेले हो." मिस्टरांच्या चपला दारात होत्या, आणि आतून टीव्हीचा आवाज कमी झाला.

रियाजला फोन केला, तो कुठलं तरी मशीन उघडं टाकून आला. आम्ही काकूंना त्याच्या मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं, माझ्या दुपट्ट्याने त्याच्या पाठीशी बांधलं, आणि दवाखान्यात नेलं. ऊन लागलं होतं. सलाइन चढलं, बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या. शुद्धीवर आल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "गुंड फुटला काय?" पितळेचा गुंड कसा फुटेल! आम्ही तिघंही हसलो, आणि मग मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

प्रशांत पुण्याहून आला. गोड मुलगा, नीट बोलणारा. त्याने रियाजचे हात हातात घेतले, आभार मानले, डोळ्यांत पाणी आणलं. मग कॅन्टीनमध्ये बसवून म्हणाला, "मला स्वतःला काहीच प्रॉब्लेम नाही, दादा. पण आईचं वय बघा. तिला त्या लोकांतच राहायचंय. तुम्ही समजदार आहात."

समजदार. या शब्दाची मला जितकी शिसारी आहे तितकी शिवीची नाही. ज्यांनी म्हातारीचं पाणी तोडलं त्यांना कुणी समजदार व्हायला सांगितलं नाही. समजूत आमच्याकडून मागितली. आम्ही दिली. काकू दवाखान्यातून यायच्या आत घर रिकामं केलं, कारण त्या असत्या तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. प्रशांत त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता त्या कुठल्याशा उंच इमारतीत नवव्या मजल्यावर असतात. फोन करतात. "इथं कोनी कोनाले वळखत नाही बाई," म्हणतात, "म्हणून भांडन नाही."

त्याच नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, उन्हाने डांबर वितळत होतं तेव्हा, नानांचा रियाजला फोन आला. एसी बंद पडला होता. "लवकर ये रे बाबा, जीव चालला उकाड्यानं." रियाजने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "साहेब, माफ करा. आमचा पाइप तुमच्या घरापर्यंत पुरत नाही." फोन ठेवला. मला वाटलं तो हसेल. त्याने अवजारांची पेटी जवळ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उन्हाळ्यात कुणाला नाही म्हटलं होतं. संध्याकाळभर तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसला आणि दोनदा म्हणाला, "उनकी बूढी माँ भी है घर में." दुसऱ्या दिवशी तो गेला की नाही ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आम्ही मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, 'आमच्या लोकांत' आधी दोन खोल्या भाड्याने घेतल्या, पुढे तिथेच प्लॉट घेतला. तिथे नाली अर्धी बांधून सोडलेली, घंटागाडी मनात आलं तर येते, दिवे खांबावर आहेत पण लागत नाहीत. हळूहळू घर बांधलं. मागच्या वर्षी स्टाफरूममध्ये एक सर सहज म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोक असे एकाच जागी गर्दी करून का राहता हो? मिसळत का नाही?" वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी डबा उघडला होता, बंद केला. त्यांना उत्तर द्यायला मला तो अख्खा उन्हाळा सांगावा लागला असता, आणि त्यांची तासिका होती.

यंदा वरचा मजला पूर्ण झाला, तेव्हा मीही पाटी लावली. रियाजने पत्रा कापून दिला. अक्षरं मी काढली. दुसऱ्याच दिवशी शेजारचे हाजीचाचा आले. भले गृहस्थ आहेत, रमजानमध्ये सगळ्या गल्लीला इफ्तार देतात. खुर्चीवर टेकून म्हणाले, "बेटी, किसको दे रहे? अपनेवाले को ही देना. मेरा कुछ नहीं, लेकिन लोग..."

कूलरसमोर बसलेले नाना मला दिसले, फक्त दाढीतले. तीच थांबलेली वाक्यं, तोच 'मेरा कुछ नहीं'. आपल्या बाजूने ती आली की त्यांना वेगळा वास येईल असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

"कौनसे लोग, चाचा?" मी विचारलं. ते खजील होऊन हसले, पाणी पिऊन उठले.

परवा दुपारी एक जोडपं आलं. विकास राठोड आणि त्याची बायको पूजा. तो नवीनच सरकारी नोकरीला लागलेला, घाटंजीकडच्या तांड्यावरचा. फाटकात उन्हात उभा राहूनच, मी 'या' म्हणायच्या आधी, तो बोलायला लागला. परीक्षेत पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं, एका दमात.

"मॅडम, आधीच सांगून देतो. आमी बंजारा आहो. घरी मटन नका बनवू म्हटलं तं नाही बनवणार. पाहुणे कोनी येत नाही. मोठ्यानं बोलत नाही आमी. एक याडी आहे माही, म्हणजे माय, ते महिन्यातून एखाद्या वेळी येते. ते फेटिया घालते, आरशाचा घागरा, तांड्यावरचा. पन लोकाईले दिसनार नाही. मी तिले मागच्या जिन्यानं आनत जाईन."

पूजा खाली पाहत होती. तिच्या मनगटावर गोंदलेलं होतं, त्यावर तिने पदर ओढून घेतला. हे सगळं या मुलाने किती घरांच्या फाटकांत म्हटलं असेल! कोणत्या घरी त्याने आईला मागच्या जिन्यावर ठेवायचं कबूल केलं असेल, आणि तरीही पाटी तशीच ठेवून त्याला परत पाठवलं असेल! नुकताच नोकरीला लागलेला मुलगा आपल्या आईला लपवायची हमी देत होता, आणि तीही आपणहून, कुणी मागितली नसताना. या शहराने त्याला एवढं शिकवून ठेवलं होतं.

मी फाटक उघडलं.

"मागं जिना नाही या घराले," मी म्हटलं. "एकच आहे, समोरून. याडीले सांगा, फेटिया घालूनच या म्हणा."